कॉम्पोट

फळांच्या फोडी किंवा लहान फळे अख्खीच थोड्या साखरेबरोबर मंद आचेवर शिजवून केलेला रसदार, दाटसर गोड पदार्थ. गरम किंवा कोमट असताना तो आइस्क्रीम, कस्टर्ड, पॅनकेक, वॉफल, ओट्सची लापशी किंवा घट्ट दही यांवर घालून खातात. फळ ओळखू येईल इतपत शाबूत असावे आणि त्याचाच रस चमच्याला धरेल इतका आळलेला असावा, ही चांगल्या कॉम्पोटची खूण. मराठी स्वयंपाकघरात फळ चुलीवर चढते ते बहुतेक वेळा टिकवण्यासाठी. साखरांबा, गुळांबा, मोरांबा ही सगळी वर्षाची बेगमी. कॉम्पोट मात्र आज करायचे आणि दोन-चार दिवसांत संपवायचे. म्हणूनच त्यात साखर कमी लागते, ते मुरवावे लागत नाही आणि पाकाच्या तारा पाहत बसावे लागत नाही.

शब्द फ्रेंच असून त्याचे मूळ ‘एकत्र ठेवलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या खानसाम्यांनी सुमारे १३९० मध्ये सिद्ध केलेल्या ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ या पाकग्रंथात ‘कॉम्पोस्ट’ नावाची एक कृती आहे. तिच्यात नासपतीच्या जोडीला कोबी आणि कंदमुळे असून व्हिनेगर, मध व मोहरीही पडते, म्हणजे आपल्या दृष्टीने ते लोणचेच. शेतकरी ज्याला कंपोस्ट खत म्हणतात तो शब्दही याच मुळापासून आला आहे. एक फाटा ताटात गेला, दुसरा उकिरड्यावर. फ्रान्समध्ये हा पदार्थ वाढण्याच्या उंच पायाच्या भांड्याला ‘कॉम्पोतिए’ म्हणतात. पॉल सेझानच्या १८७९–८० मधील एका प्रसिद्ध स्थिरचित्राला या भांड्याचेच नाव आहे, पण चित्रातल्या भांड्यात फळे कच्चीच आहेत.

पूर्व युरोपात हेच नाव पेयाला आहे. पोलंड, रशिया, युक्रेन येथे ‘कोम्पोत’ म्हणजे भरपूर पाण्यात उकळलेल्या फळांचे सरबत. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणात ते सुक्या फळांचे करतात. तुर्कस्तानात सुक्या फळांच्या अशा पदार्थाला ‘होशाफ’ म्हणतात. मूळ फारसी शब्द ‘खुशाब’, म्हणजे छान पाणी. त्यातला ‘आब’ आपल्या गुलाबातही आहे. उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये लाल करंट, रासबेरी अशी आंबट फळे शिजवून त्यात पूर्वी भरड धान्य घालत. आता तिथे कॉर्नफ्लोअर असते, क्वचित साबुदाणाही, आणि वरून साय किंवा व्हॅनिलाचा सॉस. या पदार्थाचे डॅनिश नाव परक्यांच्या जिभेची परीक्षा पाहण्यासाठी मुद्दाम म्हणायला लावतात. देवनागरीत ते लिहिण्याचा खटाटोप न केलेला बरा. व्हिएन्नात ‘कैझरश्मार्न’ या फाडून तुकडे केलेल्या जाड पॅनकेकबरोबर आलुबुखारासारख्या प्लमचे कॉम्पोट येते. त्यात पाणी जवळजवळ नसतेच, प्लम स्वतःच्या रसात शिजतात.

गरम फळे थेट आइस्क्रीमवर ओतण्याच्या प्रकाराला हॉटेलांनी नाट्य दिले. फ्रेंच बल्लवाचार्य ऑग्यूस्त एस्कोफिए (१८४६–१९३५) याच्या नावावर असलेल्या ‘चेरीज जुबिली’त चेरींवर मद्य ओतून ते पेटवतात, जुबिली ती व्हिक्टोरिया राणीची. न्यू ऑर्लीन्सच्या ब्रेनन्स उपाहारगृहात पॉल ब्लांजे या मुख्य आचाऱ्याने १९५१ मध्ये लोणी, ब्राउन शुगर, दालचिनी आणि रम यांत केळी परतून ‘बनानाज फॉस्टर’ केले. न्यू ऑर्लीन्स हे तेव्हा केळ्यांच्या आयातीचे मोठे बंदर होते. ज्योत पाहायला बरी वाटते; चवीचे काम मात्र लोणी आणि साखर करतात.

फळ शिजते म्हणजे त्याच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे पेक्टिन उष्णतेने सैल होते. या द्रव्याचे नामकरण फ्रेंच रसायनज्ञ आंरी ब्राकोनो याने १८२५ मध्ये केले. साखर केव्हा घालावी हे यावरूनच ठरते. सुरुवातीलाच साखर असेल तर ती फोडींतले पाणी ओढून घेते, पेक्टिन सहज विरघळत नाही आणि फोड टिकते. नुसत्या पाण्यात शिजवलेली फोड मऊ पडून फुटते. म्हणून फोडी हव्या असतील तर साखर आधी आणि गर हवा असेल तर साखर शेवटी. इंग्लंडमधले ब्रॅमली हे आंबट सफरचंद मात्र कशालाच दाद देत नाही, ते शिजले की फेसासारखे होते. जॅममध्ये साखर व इतर विरघळलेले घटक साधारण ६५ टक्क्यांपर्यंत नेतात आणि मिश्रण १०४–१०५° से.पर्यंत आटवतात, तेव्हा त्यातले पेक्टिन जाळे धरून घट्ट बसते. कॉम्पोट त्याच्या कितीतरी आधी उतरवायचे. उतरवताना ते पातळच वाटते, निवताना दाटते. ‘अजून जरा आळू दे’ म्हणत थांबणाऱ्याच्या हाती जॅम येतो.

स्ट्रॉबेरीचे उदाहरण घेऊ. अर्धा किलो फळ धुऊन, मग देठ काढून (उलट केल्यास फळात पाणी शिरते) मोठ्या फळांचे दोन-दोन तुकडे करावेत. ७५ ते १०० ग्रॅम साखर भुरभुरून अर्धा तास झाकून ठेवावे. तेवढ्यात तळाशी इतका रस सुटतो की वेगळे पाणी घालावे लागत नाही. पसरट, जाड बुडाच्या पातेल्यात हे सगळे मध्यम आचेवर ठेवावे, उकळी फुटली की आच मंद करावी. सहा ते आठ मिनिटे पुरतात. चमच्याने घोटू नये, पातेले धरून हलवावे. फार पातळ वाटले तर चमचाभर कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून ओतावे आणि रस पारदर्शक होईपर्यंत, मिनिटभर, रटरटू द्यावे. नाहीतर पिठूळ चव राहते. आरारूटने तकाकी अधिक येते, पण ते जास्त उकळले की पुन्हा सैल पडते. लिंबाचा रस आच बंद केल्यावर घालावा. त्याने गोडी सावरते, फळाचा लाल रंग खुलतो आणि स्टार्च आम्लात उकळून पातळ होण्याचा धोका टळतो. आइस्क्रीमवर उकळते कॉम्पोट ओतले तर खाली दूध उरते, म्हणून बोटाला सोसवेल इतके निवू द्यावे.

भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा एनॅमलचे असावे. आंबट फळ साध्या ॲल्युमिनियममध्ये धातूची चव घेते, आणि कल्हई गेलेल्या पितळेत ते कळकते, हे आमटी-ताकाच्या अनुभवावरून सांगायला नको.

सगळीच फळे या कामाची नाहीत. प्लम, चेरी, पीच, नासपती, सफरचंद, अंजीर, तुती उत्तम. अननसाला तर शिजवण्याचा वेगळाच फायदा होतो: कच्च्या अननसातले ब्रोमेलिन हे विकर दुधा-दह्यातली प्रथिने तोडून त्यांना कडू करते, शिजल्यावर ते निकामी होते. पपईच्या पपेनचेही तेच. कलिंगडात पाण्याशिवाय काही उरत नाही, चिकू काळवंडतो. आणि हापूस शिजवून आइस्क्रीमवर घालणे हा निव्वळ अपव्यय आहे.

महाराष्ट्रात शिजवलेले सफरचंद म्हटले की तान्ह्या बाळाचा वरचा घास किंवा बिघडलेले पोट आठवते, त्यामुळे हौसेने खायचा पदार्थ म्हणून त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. महाबळेश्वर–पाचगणी परिसरात स्ट्रॉबेरीचे पीक साधारण हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत चालते आणि तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण तिथली ख्याती क्रीममधल्या ताज्या फळाची, क्रशची आणि जॅमची. खरे तर हंगामाच्या शेवटी येणारी बारीक, आंबट, थोडी दबलेली फळे कॉम्पोटला सर्वांत योग्य. पुरंदरच्या अंजिरांचेही असेच, फार पिकलेली पेटीतून बाजूला पडतात ती पातेल्यात शोभतात. दख्खनचे खरेखुरे कॉम्पोट हैदराबादेत सापडते. लग्नाच्या दावतीतला ‘खुबानी का मीठा’ म्हणजे भिजवून साखरेत शिजवलेले सुके जर्दाळू, वर साय किंवा आइस्क्रीम. बिया फोडून आतला गर सोलून वरून पेरतात. तो बदामासारखाच लागतो.

साखर कमी असल्याने कॉम्पोट बाहेर टिकत नाही. पूर्ण निवल्यावर काचेच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवल्यास चार-पाच दिवस राहते. रोज सगळे गरम करू नये, लागेल तेवढेच वाटीत काढून कोमट करावे. बरणीत ओला चमचा घालू नये, ही लोणच्याची शिस्त इथेही लागू.