पालखीची वाट, आषाढ सोडून

वारी म्हणजे लांबचा ट्रेकच की, असं बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. ट्रेकमध्ये वाट डोंगर ठरवतो. इथे वाट ठरते ती पाणी, मुक्काम आणि रथ जाईल का, यावर.

पंढरीची वारी ज्ञानेश्वरांच्याही आधीची. पालखी मात्र नंतरची. १६८५ मध्ये तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी ती सुरू केली. माउलींच्या सोहळ्याचा आजचा थाट हैबतबाबा आरफळकरांचा, १८३२च्या सुमारासचा. बाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, आणि ते दिसतंच! दिंड्यांना नंबर, रथापुढे-रथामागे ठरलेल्या जागा. चोपदाराने दंड उंचावला की टाळ एकदम गप्प. घोडे अजूनही बेळगावकडच्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात. सुमारे ३०० किमी, तेही चालत.

पुणे ते सासवड हा मोठा टप्पा, ३० किमीच्या वर, त्यात दिवे घाट. मी तो कार्तिकात एकट्याने चढलो. खाली वडकीचा मस्तानी तलाव, अंगाला घासून जाणारे डंपर, आणि पायी माणसाला कडेला वीतभर जागा. आषाढात त्या दिवशी गाड्या बंद असतात, म्हणून टीव्हीवर घाट एवढा सुंदर दिसतो.

२०२१ मध्ये पालखी महामार्गाची पायाभरणी झाली. वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट कागदावर आहे, चांगलंच आहे. पण रुंदीकरणात जुनी झाडं गेली, आणि नवीन रोपाची सावली पडायला वीस वर्षं लागतात. तोवर दुपारी पाठ टेकायची कुठे?

जाणार असाल तर उजाडायला वडकी सोडा, आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशाच कडेने चढा.