आंग्रिया बँक
आंग्रिया बँक : अरबी समुद्रातील जलमग्न प्रवाळी उंचवटा. महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गच्या पश्चिमेस सु. १०५ किमी.वर, सागरमग्न खंडभूमीच्या कडेजवळ हा उंचवटा आहे. त्याची लांबी सु. ४० किमी. व रुंदी सु. १५ किमी. असून माथा पाण्याखाली सु. २० मी. किंवा त्याहून खोल आहे. भोवतालच्या खोल समुद्रतळापेक्षा उंच असलेल्या अशा उथळ भागास नाविक परिभाषेत ‘बँक’ म्हणतात.

इंग्रजी लेखनात आंग्रे घराण्याचा उल्लेख ‘अँग्रिया’ असा होई. त्यावरून हे नाव पडले. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) यांनी कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग इ. ठाण्यांच्या बळावर कोकणच्या समुद्रावर हुकमत बसविली आणि व्यापारी जहाजांना आपले दस्तक घेणे भाग पाडले. १७५६ मध्ये इंग्रज व पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेत तुळाजी आंग्रे यांचा पाडाव होऊन विजयदुर्ग पडला व तेथील आरमार जळाले. नकाशावर मात्र घराण्याचे नाव टिकून राहिले.

या उंचवट्याला आज किनारा नाही. पण तो पूर्वी होता. सु. २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमकालाच्या परमावस्थेत, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सु. १२० मी. खाली होती. त्या वेळी हा माथा पाण्याबाहेर होता व त्याच्या उतारांवर लाटा फुटत. पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर आढळणारे जुने चुनखडक व बुडालेल्या किनाऱ्यांच्या पायऱ्या याच काळाची साक्ष देतात. पुढे हिम वितळून पाणी चढले व सु. ७ हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीच्या आसपास आले.

प्रवाळांना उबदार, स्वच्छ व क्षारयुक्त पाणी लागते. त्यांच्या ऊतींतील सहजीवी शैवलांना सूर्यप्रकाश हवा असतो. गाळाने पाणी गढूळ झाले की प्रवाळ गुदमरतात. खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांची काळी माती वाहून नेणारी तापी खंबायतच्या आखातास मिळते. तेथील गढूळ पाण्यात प्रवाळभित्ती वाढत नाहीत. कोकणातही पावसाळी नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे व गाळामुळे किनाऱ्यालगत त्या विरळ आहेत. आंग्रिया बँक या गाळाच्या पल्ल्याबाहेर असल्याने तेथील पाणी नितळ राहते व २० मी.हून अधिक खोलीवरही प्रकाश पोचतो.

प्रवाळद्वीपांच्या अभ्यासाशी मुंबईचा जुना संबंध आहे. मुंबईच्या इंडियन नेव्हीतील कॅप्टन रॉबर्ट मोर्सबी यांनी १८३४–३६ मध्ये मालदीव बेटांची पाहणी केली; तिचा उपयोग चार्ल्स डार्विन यांनी प्रवाळभित्तींवरील १८४२ च्या ग्रंथात केला. बेट खचत जाते व प्रवाळ वर वाढत राहतो, हे डार्विन यांचे मत. रेजिनाल्ड डाली यांनी १९१५ मध्ये हिमकालातील पातळीबदलास महत्त्व दिले. बुडालेल्या उंचवट्यांच्या बाबतीत दुसरा विचार विशेष उपयोगी पडतो. १९७० नंतरच्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कर्नाटकातील मालपेच्या समुद्रात जिवंत प्रवाळांचा असाच उंचवटा शोधला. त्यास ‘गवेषणी’ या संशोधननौकेचे नाव मिळाले. मालवणजवळील प्रवाळांचीही याच सुमारास नोंद झाली.

आंग्रिया बँकेवर कठीण प्रवाळांचे थर, शैवलांनी झाकलेले खडक व वाळूचे पट्टे आढळतात. प्रवाळांच्या कपारींत हेकरू, पोपटमासे इ. मासे आश्रय घेतात. लक्षद्वीपच्या उथळ खारकच्छांतील प्रवाळ १९९८, २०१० व २०१६ मध्ये उष्णतेने विरंजित झाले. खोल पाण्यातील प्रवाळांना अशा उष्णतेची झळ काहीशी कमी लागते.

आजवर अंतर हेच या प्रवाळांचे मुख्य संरक्षण ठरले. यांत्रिक नौकांमुळे ते कमी झाले आहे. ओढजाळ्यांनी व नांगरांनी मोडलेला प्रवाळ पूर्ववत होण्यास दशके लागतात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे मालवण सागरी अभयारण्य (१९८७) किनाऱ्यालगत असल्याने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली घोषित होऊ शकले. या अधिनियमाखालील अभयारण्याची तरतूद सु. २२ किमी. रुंदीच्या प्रादेशिक जलक्षेत्रापुरती आहे. आंग्रिया बँक त्यापलीकडे, अनन्य आर्थिक क्षेत्रात येते. त्यामुळे तेथे केंद्र शासनाने १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमान्वये क्षेत्र निर्दिष्ट करणे हाच मार्ग उरतो. किनारा नसलेल्या या बेटाचे भवितव्य अशा निर्णयावर अवलंबून आहे.