‘माउंट अँड ब्लेड’मधील अश्वयुद्ध : ऐतिहासिक दृष्टिकोन

तुर्कस्तानातील अंकारा येथील टेलवर्ल्ड्स या संस्थेने २००८ मध्ये ‘माउंट अँड ब्लेड’ हा संगणकीय खेळ प्रसिद्ध केला. त्यातील कॅलराडिया ही भूमी काल्पनिक असली, तरी तेथे जादूटोण्यास स्थान नाही. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे अगत्याचे ठरते. खेळात स्वाराच्या वाराची तीव्रता घोड्याच्या वेगानुसार बदलते. पुरेसा वेग येताच भाला काखेत दाबला जातो आणि घोड्याची सारी गती त्याच्या टोकाशी एकवटते. लिन व्हाइट यांनी १९६२ मध्ये अशा आघाताचे श्रेय रिकिबीला दिले आणि सरंजामशाहीचा उगमही तेथेच शोधला. हे मत टिकले नाही. ११व्या शतकातील बायो येथील भरतकामात अनेक नॉर्मन स्वारांनी भाला डोक्यावर उगारलेला दिसतो. पाय मात्र रिकिबीतच आहेत. म्हणजे साधन हाती आल्याबरोबर तंत्र आले असे नव्हे. खेळात हे तंत्र भाला व वेगवान घोडा असणाऱ्यास आयतेच मिळते, ही त्याची मोठी उणीव होय.

ठरावीक कथानकाचा अभाव हे मात्र त्याचे बलस्थान. खेळाडूने राजाची चाकरी करावी, भाडोत्री सैनिक व्हावे किंवा व्यापार करावा. पदरच्या शिपायांचा पगार दर आठवड्याला द्यावाच लागतो, आणि तो थकला की पथकाचे मनोबल ढासळते.