ओल्या लाकडाचा हिशेब : जळाऊ लाकडाच्या ओलाव्याचे नियम आणि छोटे पुरवठादार

कल्याण, उल्हासनगर, भिवंडी या पट्ट्यात जळाऊ लाकूड आजही प्रामुख्याने वजनावर विकले जाते. टेम्पो काट्यावर चढतो, वजन होते आणि त्यावर पैसे ठरतात. या व्यवहारात लाकडाबरोबर पाण्याचेही वजन होते, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. इंग्लंडने २०२१ पासून या पाण्यावर कायद्याने मर्यादा घातली. आपल्याकडे जळाऊ लाकडाच्या ओलाव्यासाठी असा स्वतंत्र विक्री-नियम नाही. मात्र मुंबई महानगर प्रदेशात लाकडाच्या धुरावर निर्बंध येऊ लागल्याने हा विषय फार काळ दूर राहील असे दिसत नाही. ओलाव्याची अट घातली गेलीच, तर तिचा भार कोणावर पडेल? उत्तर गणितातच दडलेले आहे, आणि ते छोट्या वखारवाल्यांसाठी फारसे सुखद नाही.

कल्याण आणि लाकूड

कल्याणचे लाकडाशी नाते पुरातन आहे. सहाव्या शतकातील प्रवासी कॉसमस याच्या लिखाणात कल्याण बंदरातून तांबे, कापड आणि शिसवीसारख्या लाकडाचे ओंडके बाहेर जात असल्याचा उल्लेख येतो. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात घेतल्यावर येथील खाडीत जहाजबांधणीला चालना मिळाली. त्यामागेही शहापूर-मुरबाडकडील जंगलांचे सान्निध्य हे एक कारण होते. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत आली आणि घाटाखालचा माल मुंबईला पोहोचवणे सोपे झाले.

घरगुती सरपणाची मागणी गॅसमुळे शहरांतून जवळपास संपली. ग्रामीण भागात २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसजोडण्या वाढल्या. तरीही बेकऱ्या, आचाऱ्यांच्या भट्ट्या, वीटभट्ट्या, काही कारखान्यांचे बॉयलर आणि स्मशानभूमी येथे लाकूड लागतेच. हा पुरवठा करणारे बहुतेक जण लहान असतात. एखादी भाड्याची जागा, एक टेम्पो, दोन-चार हमाल आणि उधारीवर चालणारे गिऱ्हाईक, असे या धंद्याचे स्वरूप असते.

ओलावा आणि उष्णता

लाकडातील ओलावा मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत पाण्याचे वजन ओल्या लाकडाच्या एकूण वजनाशी ताडले जाते, दुसरीत पूर्ण सुक्या लाकडाच्या वजनाशी. इंधनाच्या व्यवहारात बहुधा पहिली, तर सुतारकाम व इमारती लाकडात दुसरी पद्धत वापरतात. पहिल्या पद्धतीतील २० टक्के म्हणजे दुसऱ्या पद्धतीतील २५ टक्के होत. नियमात आधार स्पष्ट नसेल तर वाद अटळ आहे.

पूर्ण सुक्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे ४,४०० किलोकॅलरी उष्णता मिळते. एकूण वजनाच्या २० टक्के ओल असल्यास हातात पडणारी उष्णता ३,४०० किलोकॅलरीच्या आसपास येते. ओल ५० टक्के असेल, तर ती जेमतेम १,९०० किलोकॅलरी उरते. याची कारणे दोन. एक तर किलोभर मालात लाकूडच कमी असते. दुसरे म्हणजे उरलेल्या उष्णतेचा काही भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. शिवाय ओल्या लाकडाची आच मंद राहते, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड व काजळीचे सूक्ष्म कण अधिक बाहेर पडतात. २.५ मायक्रॉनहून लहान कणांसाठी देशात २००९ पासून चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. ओल्या लाकडाचा धूर नेमका याच कणांचा असतो.

इंग्लंडमधील नियम

इंग्लंडमध्ये घरगुती घन इंधनांच्या मानकांविषयीचे २०२०चे नियम १ मे २०२१ पासून लागू झाले. दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडात २० टक्क्यांहून अधिक ओल नसावी, आणि तसे प्रमाणपत्र व चिन्ह मालावर असावे, अशी ही तरतूद आहे. दोन घनमीटर किंवा त्याहून मोठ्या प्रमाणात ओले लाकूड विकता येते, पण लाकूड कसे सुकवावे याची लेखी माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. वर्षाला ६०० घनमीटरहून कमी लाकूड विकणाऱ्यांना एक वर्षाची जादा मुदत, म्हणजे १ मे २०२२ पर्यंतचा अवधी, देण्यात आला होता.

या रचनेतील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, तेथे मोजमाप वजनाचे नसून आकारमानाचे आहे. लाकूड सुकले तरी ढिगाचा आकार फारसा घटत नाही. त्यामुळे सुकवणाऱ्याचा माल कागदावर कमी होत नाही. दुसरी, छोट्या विक्रेत्याला सवलत मिळाली ती मुदतीची. प्रमाणपत्राचा खर्च व सुकवण्याची जागा या अडचणी मुदत संपल्यावर त्यालाही सोडवाव्या लागल्या.

आपल्याकडे काय तपासले जाते?

आपल्याकडील कायदे लाकूड कोठून आले हे पाहतात, ते किती ओले आहे हे नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनोपजाच्या वाहतुकीवर राज्य सरकारला नियंत्रण ठेवता येते आणि वाहतूक परवान्याची पद्धत त्यातूनच आली. खासगी जमिनीवरील झाडांसाठी १९६४चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम आहे. शहरांतील झाडांसाठी १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा असून तोडण्यापूर्वी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वाहतूक परवान्यांसाठी केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये देशव्यापी ऑनलाइन व्यवस्थाही सुरू केली.

ओलाव्याचे मानक भारताला अपरिचित आहे असे नव्हे. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये इमारती लाकडात किती ओल चालेल हे दिले आहे आणि त्यासाठी देशाचे हवामानानुसार चार विभाग पाडले आहेत. दारे-खिडक्यांच्या लाकडासाठी हवेच्या दमटपणाचा विचार झाला, जळणासाठी तो झालेला नाही.

दरम्यान, दुसऱ्या दिशेने दबाव वाढतो आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला, त्यातील शहरांत कल्याणच्या शेजारची उल्हासनगर व बदलापूर आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश दिला. इंग्लंडने लाकूड सुकवायला सांगितले. मुंबईत बेकऱ्यांपुरते लाकूडच बाद करण्याचा मार्ग निवडला गेला. पुरवठादाराच्या दृष्टीने हा फरक धंद्याच्या अस्तित्वाचा आहे.

छोट्या पुरवठादाराचे गणित

समजा, ५० टक्के ओल असलेले १,००० किलो लाकूड वखारीत आले. त्यात ५०० किलो लाकूड व ५०० किलो पाणी आहे. ते २० टक्क्यांपर्यंत सुकवल्यास ६२५ किलो उरते. ३७५ किलो हवेत गेले. उदाहरणादाखल दर किलोला ८ रुपये धरल्यास ओल्या मालाचे ८,००० रुपये होतात. तेवढीच रक्कम सुक्या मालातून उभी करण्यासाठी किलोला १२ रुपये ८० पैसे दर लावावा लागेल.

गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिल्यास हा दर अन्यायाचा नाही. ओल्या मालातून एकूण १९ लाख किलोकॅलरी मिळाल्या असत्या, सुक्यातून सुमारे २१ लाख २५ हजार मिळतात. म्हणजे तेवढ्याच पैशांत १२ टक्क्यांच्या आसपास अधिक उष्णता, शिवाय धूर कमी. परंतु गिऱ्हाईक दर पाहते, किलोकॅलरी नाही. शेजारचा विक्रेता ८ रुपयांना ओला माल देत असताना १२ रुपये ८० पैसे मागणारा महागच ठरतो.

छोट्या विक्रेत्याची खरी अडचण या १२ टक्क्यांत आहे. ओंडके फाडण्याची मजुरी, छपराची जागा, काही महिने अडकलेले भांडवल आणि त्यावरील व्याज हे सारे या जादा उष्णतेच्या किमतीत बसले, तरच सुकवणे परवडेल. ज्याच्याकडे स्वतःची मोकळी जमीन आहे, त्याला ते जमेल. ज्याची वखार भाड्याच्या जागेत आहे आणि ज्याला आठवड्याच्या विक्रीतून पुढचा माल घ्यायचा आहे, त्याला जमणार नाही. नियम सर्वांना सारखा असला तरी त्याची झळ सारखी नसते.

साखळीचे शेवटचे टोक आणखी दुबळे आहे. शहापूर, मुरबाड, कर्जत भागांतील आदिवासी स्त्रिया डोक्यावरून मोळ्या आणून विकतात. त्यात बहुधा वाळक्या फांद्या असतात, म्हणजे त्यांचा माल अनेकदा सुकाच असतो. मात्र प्रमाणपत्राची अट आली, तर सुके लाकूड विकणाऱ्या या स्त्रियाच आधी बाजाराबाहेर जातील.

पावसाळ्याचा प्रश्न

लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेते. सापेक्ष आर्द्रता ५० ते ६० टक्के असताना लाकडातील ओल सुक्या वजनाच्या ९ ते ११ टक्क्यांवर स्थिरावते. पावसाळ्यात आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांवर राहिली, तर छपराखालच्या लाकडातही १८ ते २० टक्के ओल टिकते. एकूण वजनाच्या हिशेबाने हे १५ ते १७ टक्के होतात. आधी सुकवलेले लाकूड नीट झाकून ठेवल्यास पावसाळ्यातही २० टक्क्यांच्या आत राहू शकते, मात्र जून-जुलैत आणलेला ताजा माल त्या चार महिन्यांत सुकण्याची आशा धरता येत नाही.

याचा अर्थ कल्याणसारख्या ठिकाणी सुकवण्याचा हंगाम नोव्हेंबर ते मे एवढाच आहे. पावसाळ्याच्या विक्रीचा साठा विक्रेत्याला आधीच घ्यावा लागेल. ओलाव्याचा नियम इथे व्यवहारात साठवणुकीचा आणि भांडवलाचा नियम ठरतो.

मोजणे आणि सुकवणे

ओलावा तपासण्याची अचूक रीत म्हणजे नमुन्याचे वजन करून तो १०३ ते १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवणे आणि पुन्हा वजन करणे. वखारीत टोचणीचे विद्युत मापक सोयीचे असते. मात्र ३० टक्क्यांच्या वरचे त्याचे आकडे विश्वसनीय नसतात, आणि ते बहुधा सुक्या वजनावर आधारलेले असतात. ओंडक्याच्या बाहेरच्या बाजूला टोचून उपयोग नाही. तो फाडून आतील ताज्या पृष्ठभागावर मोजावे. मापक नसल्यास टोकांवरील तडे, सुटलेली साल आणि दोन तुकडे आपटल्यावर येणारा खणखणीत आवाज या जुन्या खुणा उपयोगी पडतात.

सुकवण्यासाठी फाडणे सर्वांत महत्त्वाचे. न फाडलेला जाड ओंडका वर्षानंतरही आतून ओला निघू शकतो. फाडलेल्या लाकडाची थप्पी विटांवर किंवा फळ्यांवर, जमिनीपासून वर रचावी. दोन थरांमध्ये वारा खेळू द्यावा. ताडपत्री फक्त वरून घालावी. चहूबाजूंनी गुंडाळल्यास आतली वाफ आतच कोंडते.

नियम आलाच तर

ओलाव्याच्या मर्यादेचा अनुभव महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना आहे. सोयाबीनच्या सरकारी खरेदीत १२ टक्क्यांची अट असते. २०२४च्या हंगामात ती केंद्राने १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, कारण पिकातील पाणी शेतकऱ्याच्या हाती नसते हे मान्य करावे लागले. लाकडाबाबतही हवामान हाच पहिला घटक आहे.

त्यामुळे नियम करताना चार गोष्टी ठरवाव्या लागतील. विक्री आकारमानावर व्हावी किंवा वजनाबरोबर ओलाव्याची टक्केवारी लिहिली जावी, म्हणजे सुकवणाऱ्याचा तोटा दिसणार नाही. मर्यादेचा आधार व मोजण्याची रीत स्पष्ट असावी. नवा नियम पावसाळ्यात नव्हे, तर सुकवण्याचा एक पूर्ण हंगाम देऊन लागू व्हावा. आणि सामायिक सुकवणीची जागा शक्यतो मुरबाड-शहापूरकडे, लाकूड निघते तेथेच असावी. तसे झाल्यास प्रत्येक टनामागे पावणेचारशे किलोपर्यंत पाणी टेम्पोतून वाहून आणण्याचा खर्चही वाचेल. स्मशानभूमींसाठी लाकूड घेणाऱ्या महापालिका याची सुरुवात स्वतःपासून करू शकतात. निविदेत नुसते ‘सुके लाकूड’ न लिहिता टक्केवारी लिहावी आणि दरही त्यानुसार द्यावा.

धूर कमी झाला पाहिजे याबद्दल दुमत नाही. आज बाजारात पाण्याला लाकडाचा भाव मिळतो आणि जो ते काढून टाकतो त्याचेच नुकसान होते. हे उलटे गणित आधी सरळ केले नाही, तर ओलाव्याच्या नियमाने धुरापूर्वी छोट्या वखारीच कमी होतील.