अजिंठ्याच्या प्रतिकृती आणि त्यांची परदेशी प्रदर्शने (१८४४–१९२३) : खानदेशाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

भुसावळची ओळख रेल्वे जंक्शन, केळीचा व्यापार आणि लगतच्या दीपनगर येथील औष्णिक विद्युत केंद्र यांमुळे सर्वदूर आहे. याच भुसावळच्या जुन्या दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या पहिल्या मोठ्या प्रतिकृती करणारा हा लष्करी अधिकारी १८७९ मध्ये निधन पावला. मराठी वाचकाला गिल प्रामुख्याने पारोच्या प्रेमकथेतून ठाऊक आहे. ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्याने आणि त्यावर आधारित २०१२ च्या चित्रपटाने ही कथा घरोघरी पोहोचविली. परंतु ज्या कामासाठी गिल अजिंठ्यास आला त्या कामाचे पुढे काय झाले, त्याची चित्रे कोणी पाहिली आणि ती कोठे गेली, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे.

अजिंठ्याच्या प्रतिकृती प्रदर्शनासाठीच तयार झाल्या. त्या पाहणारा प्रेक्षक मात्र हजारो मैल दूर होता. १८६६, १८८५ आणि १९२३ या तीन वर्षी त्यांतील मोठा भाग नष्ट झाला. या घटनाक्रमातून प्रदर्शन, जतन आणि कलाशिक्षण यांचा परस्परसंबंध कसा उलगडतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

रॉबर्ट गिल आणि क्रिस्टल पॅलेस

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याची लेणी पडली. त्यानंतर येथे येणाऱ्या हौशी प्रवाशांनी चित्रांचे तुकडे काढून नेण्याचे प्रकार केले आणि चित्रांची हानी वाढत गेली. वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ मध्ये लेणी पाहिली आणि १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांविषयीचा निबंध वाचला. चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रतिकृती करून घ्याव्यात, अशी विनंती सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीस केली. त्यानुसार १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील गिल यांची नेमणूक झाली.

अजिंठा गावातील बारादरीत वास्तव्य करून गिल यांनी सुमारे दोन दशके हे काम केले. अजिंठ्याची मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो सुकल्यानंतर रंगविलेली आहेत. गिल यांनी मात्र कॅनव्हासवर तैलरंग वापरले. माध्यम बदलल्यामुळे रंगांची जात बदलली. तथापि आकृत्यांची रचना आणि मापे यांची इतकी विस्तृत नोंद तोपर्यंत कोणीही केलेली नव्हती. सुमारे ३० मोठी चित्रे इंग्लंडला गेली आणि त्यांतील बहुतेक लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आली.

३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीस आग लागली आणि तेथील चित्रे भस्मसात झाली. वीस वर्षांच्या श्रमांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कॅनव्हास मागे उरले. मिसेस स्पीअर यांच्या प्राचीन भारतीय जीवनावरील १८५६ च्या ग्रंथात काही चित्रांची रेखाटने छापली गेली होती, म्हणून त्यांचा काहीसा माग लागतो. एक महत्त्वाची बाब येथे नोंदविली पाहिजे. मूळ चित्रे नष्ट होतील या भीतीपोटी प्रतिकृती झाल्या. पण प्रतिकृती मूळ चित्रांच्या आधी नष्ट झाल्या. गिल यांनी पुढे छायाचित्रणाचा आधार घेतला होता. त्यांची छायाचित्रे असलेली आणि फर्ग्युसन यांच्या मजकुरासह निघालेली दोन पुस्तके १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली.

मुंबईचे विद्यार्थी आणि साऊथ केन्सिंग्टन

गिल यांचे काम जळाल्यामुळे ते नव्याने करणे भाग पडले. १८७२ मध्ये मुंबई सरकारने ही जबाबदारी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांच्यावर सोपविली. येथे कामाचे स्वरूप मूलतः बदलले. गिल एकटे होते. ग्रिफिथ्स यांच्याबरोबर १८५७ मध्ये स्थापन झालेल्या कलाशाळेचे विद्यार्थी होते. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत आदी तरुण चित्रकारांनी लेण्यांत उभे राहून, पुरेशा उजेडाअभावी, भिंतीवरील रेषा कॅनव्हासवर उतरविल्या. मधल्या काळातील खंड धरून हे काम १८८५ पर्यंत चालले आणि सुमारे ३०० चित्रे तयार झाली. सर्वांत मोठे कॅनव्हास सुमारे ३ मीटर बाय ६ मीटर एवढे आहेत.

ही चित्रेही लंडनला, साऊथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयाकडे गेली. १८८५ मध्ये तेथील आगीत शंभराहून अधिक चित्रे नष्ट झाली. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांनी १८९६–९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे नाव ‘द पेंटिंग्ज इन द बुद्धिस्ट केव्ह-टेम्पल्स ऑफ अजंता, खानदेश, इंडिया’ असे आहे. वस्तुतः त्या वेळी अजिंठा निजामाच्या राज्यात होता, खानदेश जिल्ह्यात नव्हता. तरीही खर्च मुंबई सरकारने केला आणि ग्रंथावर नाव खानदेशाचे आले.

श्रेयाचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. ग्रंथ ग्रिफिथ्स यांच्या नावे ओळखला जातो. कॅनव्हास मात्र बव्हंशी विद्यार्थ्यांच्या हातचे होते. त्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे पारशी कुटुंबजीवनाचे नामवंत चित्रकार म्हणून प्रसिद्धीस आले. इतरांची नावे सामान्य वाचकापर्यंत पोहोचली नाहीत. एखाद्या शिक्षणसंस्थेने सामूहिकपणे पार पाडलेल्या कार्याचा इतिहास लिहिताना अध्यापकाइतकीच विद्यार्थ्यांची नोंद आवश्यक असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

१९११ आणि त्यानंतर

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रतिकृतींचा तिसरा उपक्रम झाला. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळातील हिवाळ्यांत अजिंठ्याजवळ मुक्काम करून जलरंगातील प्रतिकृती केल्या. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. व्यंकटप्पा हे कलकत्त्याचे तरुण चित्रकार, तसेच हैदराबादचे सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन त्यांच्यासोबत होते. ही चित्रे १९११ मध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ एम्पायर’ या महोत्सवात मांडली गेली. महोत्सवाचे स्थळ होते सिडनहॅमचे क्रिस्टल पॅलेस. म्हणजे गिल यांची चित्रे जेथे जळाली तेच. या वेळी चित्रे सुखरूप राहिली आणि लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. क्रिस्टल पॅलेस मात्र १९३६ च्या आगीत समूळ नष्ट झाले.

जपानी चित्रकार अराई काम्पो यांच्या प्रतिकृतींचा शेवटही याच मालिकेत बसतो. टोकियोच्या विद्यापीठात ठेवलेल्या या प्रतिकृती १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. विद्यापीठासारखी संस्थाही जतनाची संपूर्ण हमी देऊ शकत नाही, असे यावरून म्हणावे लागते.

१९११ च्या उपक्रमाचे खरे फलित लंडनमध्ये न दिसता शांतिनिकेतनात दिसते. नंदलाल बोस पुढे तेथील कलाभवनाचे प्रमुख झाले आणि अजिंठ्याच्या रेषेचा संस्कार त्यांच्या अध्यापनातून पुढील पिढ्यांपर्यंत गेला. सय्यद अहमद हे पुढे अजिंठ्याच्या देखरेखीच्या कामाशी जोडले गेले. कॅनव्हास जळू शकतो. तो करताना हाताला लागलेले वळण शिष्यपरंपरेतून टिकू शकते.

मूळ चित्रांनी मोजलेली किंमत

प्रतिकृतींच्या कामाचा मूळ चित्रांवर अनिष्ट परिणामही झाला. चित्रे अधिक स्पष्ट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळात भिंतींवर ठिकठिकाणी हलके वार्निश लावण्यात आले. कालांतराने ते काळवंडले आणि त्यामुळे मूळ रंग झाकोळले. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व विभागाचे गुलाम याझदानी यांच्या काळात, १९२० नंतर, लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांची दुरुस्ती करून घेण्यात आली. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला. परंतु त्यांनी वापरलेला लाखेचा थरही पुढे काळसर पडला आणि तो काढण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणास करावे लागले. दूरच्या प्रेक्षकाला चित्र दाखविण्याच्या धडपडीत जागेवरचे चित्रच धूसर झाले, हा या इतिहासातील सर्वांत बोचरा विरोधाभास होय.

आजचे वास्तव आणि खानदेश

दोन्ही संचांतील मिळून १६६ चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात उरली आहेत. १९५५ नंतर ती दीर्घकाळ प्रेक्षकांपासून दूरच राहिली. २००६ मध्ये त्यांतील सुमारे निम्म्या चित्रांच्या संवर्धनाचे काम हाती घेण्यात आले. भिंतीवरचा जो भाग मधल्या काळात गळून पडला त्याचा एकमेव रंगीत पुरावा काही ठिकाणी या प्रतिकृतीच आहेत. म्हणून त्यांना केवळ नक्कल समजून बाजूस सारता येणार नाही. त्या स्वतंत्र ऐतिहासिक साधनाच्या दर्जास पोहोचल्या आहेत.

खानदेशाचा या इतिहासाशी असलेला संबंध आजवर वाटेवरील मुक्कामापुरता मानला गेला. लेण्यांपासून निघणारी वाघूर नदी जळगाव जिल्ह्यातून वाहत तापीस मिळते. लेण्यांकडे जाणारा प्रवासी जळगाव अथवा भुसावळ येथे रेल्वेतून उतरतो. गिल भुसावळच्या भूमीत विसावला आहे. असे असूनही या प्रतिकृतींचे प्रेक्षक लंडनकर ठरले. कोणती कलाकृती कोठे मांडावी हा निर्णय ज्यांच्या हाती असतो, तेच बहुधा तिचा प्रेक्षकही ठरवितात.

निष्कर्ष

१. अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा इतिहास हा जतनाच्या हेतूने झालेल्या कामाच्या वारंवार झालेल्या नाशाचा इतिहास आहे. एकाच शहरात, एकाच छताखाली संग्रह ठेवणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

२. जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांचे श्रम हा या इतिहासाचा गाभा आहे. त्यांच्या नावांची आणि कामाची पद्धतशीर नोंद होणे आवश्यक आहे.

३. या कामाचा टिकाऊ वारसा कलाशिक्षणाच्या परंपरेत अधिक ठळकपणे आढळतो.

४. उरलेल्या प्रतिकृतींची छायाचित्रे आज संगणकावर पाहता येतात. आवश्यक त्या परवानग्या घेऊन, खानदेशातील महाविद्यालयांनी एका शैक्षणिक वर्षात गिल, ग्रिफिथ्स आणि हेरिंगहॅम यांच्या कामावर क्रमाने तीन छोटी प्रदर्शने भरविल्यास, इतिहास, चित्रकला आणि रसायनशास्त्र या तिन्ही विभागांना एकत्र अभ्यासता येईल असा विषय हाती येईल. दीडशे वर्षांपूर्वी ज्या वाटेने ही चित्रे परदेशी गेली, त्या वाटेवरच्या विद्यार्थ्यांनी ती प्रथमच आपल्या गावात पाहिली, तर या इतिहासाची एक जुनी उणीव काही अंशी भरून निघेल.