मुद्दल आणि व्याज

१९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत पंडित नेहरू व अयूब खान यांनी सिंधू जलकरारावर स्वाक्षऱ्या केल्या. रावी, बियास, सतलज भारताकडे आल्या. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यत्वे पाकिस्तानकडे गेल्या. वाटणी नद्यांची झाली. त्यांना पोसणारा बर्फ मात्र कायम राहील, असे गृहीत धरले गेले. तापमानवाढीने हिमनदी आक्रसू लागली की प्रवाह आधी काही काळ वाढतो, मग घटत जातो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे वाढीव पाणी व्याज नव्हे, मुद्दलच वाटते. एप्रिल २०२५ मध्ये भारताने करार स्थगित ठेवला. पुढे कधी नव्याने वाटाघाटी झाल्याच, तर जुन्या प्रवाहनोंदींसोबत बर्फाचा ताळेबंदही समोर असायला हवा.