खेड्यातली पोरं बाईचा हुकूम ऐकतील का?



खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. १९५५ साली ती तिथं सुरू झाली. बारावी झालेली मुलं तिथं तीन वर्षं शिकतात आणि पुढं लष्कर, नौदल, हवाई दलात अधिकारी होतात. पण कितीतरी वर्षं मुलं म्हणजे फक्त मुलगेच. मुलींना अर्जच करता येत नव्हता.

फौजेत डॉक्टर आणि परिचारिका म्हणून बायका आधीपासून होत्या. १९९२ पासून इतर काही शाखांत त्यांना अधिकारी म्हणून घेऊ लागले, पण ठरावीक मुदतीपुरतं. मुदत संपली की घरी, पेन्शनही नाही. मुलग्यांसारखी कायम नोकरी मिळावी म्हणून २००३ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयात दाद मागितली गेली. ते भांडण सतरा वर्षं चाललं.

सर्वोच्च न्यायालयात सरकारच्या बाजूनं काय सांगितलं गेलं, ते आपण नीट ऐकायला हवं. जवान बहुतेक खेड्यातून येतात, बाईच्या हुकमाखाली काम करायला त्यांच्या मनाची अजून तयारी नाही, असं ते म्हणणं होतं.

खेड्यातला जवान म्हणजे कोण? आपलाच मुलगा, आपलाच भाऊ. म्हणजे बायकांची वाट अडवायला आपल्या घरातल्या वळणाचा दाखला दिला गेला!

१७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि अजय रस्तोगी यांनी हे म्हणणं फेटाळलं. चंद्रचूडांचं मूळ गाव आपल्या खेड तालुक्यातलं कनेरसर. पुढच्याच वर्षी, १८ ऑगस्ट २०२१ ला, मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या, असा न्यायालयाचा आदेश आला. सरकारनं थोडी सवड मागितली, ती मिळाली नाही. २०२२ साली पहिल्या मुली खडकवासल्यात दाखल झाल्या. जागा होत्या १९. ३० मे २०२५ ला त्यांतल्या १७ जणी मुलग्यांबरोबर संचलन करून बाहेर पडल्या. पायदळ आणि रणगाडा दल मात्र बायकांना आजही बंद आहे.

आपल्याकडं फौजेत जायची सक्ती कुणालाच नाही. इस्रायलमध्ये ती मुलगा-मुलगी दोघांनाही आहे, पण मुलींची मुदत कमी. नॉर्वेनं २०१५ पासून आणि डेन्मार्कनं २०२५ पासून सक्तीचा कायदा दोघांना सारखा केला. देशासाठी जीव धोक्यात घालायचा तो मुलग्यांनीच का, असा तिथला प्रश्न. तोही रास्तच आहे. हक्क सारखा मागायचा तर भारही सारखा उचलायला हवा.

आता आपल्यापुरतं. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि उमेदवार अविवाहित हवा. मुलींना परीक्षेची फी नाही. आपल्याकडं नेमक्या याच वयात मुलीला स्थळं बघायला सुरुवात होते. एकदा अक्षता पडल्या की हे दार बंद, ते कोर्टालाही उघडता येत नाही.

आणि मुलाचं? घरात आई काही सांगते तेव्हा तो उठतो, की वडील ओरडल्यावरच उठतो? बाईचा शब्द मानायची सवय बराकीत लागत नाही, ती चुलीपाशी लागते. खेड्यातल्या पोरांबद्दल कोर्टात जे बोललं गेलं, ते खोटं पाडणं आपल्याच हातात आहे.

रामराम.